तीनापुढची शून्यं

मार्च सरत आला की तुर्भ्याच्या रस्त्यांवर गवत उडायला लागतं. नव्या माणसाला वाटावं, इथं जवळपास शेत असेल. शेत कसलं, आंब्याच्या पेट्यांत भरलेलं वाळकं गवत असतं ते. कोकणातून ट्रक येतात, मार्केटात पेट्या उघडतात आणि तिथून ते गवत टायरला, चपलेला, साडीच्या काठाला चिकटून सगळीकडं होतं. यंदाही एक दिवस ऑफिसातून घरी आले तर माझ्या काठीच्या रबरी बुडाला एक काडी चिकटलेली. मी ती काढली नाही. म्हटलं, आला मोसम.

लोकांना हा मोसम जिभेवर कळतो. मला आधी पायांत कळतो.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नाव लांबलचक, त्यामुळे फारसं कुणी पुढं विचारत नाही. विचारलंच तर मी थोडक्यात सांगते: वायरवरचं प्लास्टिक जागोजाग सोललं की दिवा कधी लागतो, कधी लुकलुकतो, कधी लागतच नाही, तसं माझ्या नसांचं झालंय. शरीर आपलंच प्लास्टिक कुरतडत बसतं. का, ते डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नाही. उकाडा वाढला की सोललेल्या जागा जास्त सतावतात. उजवा पाय ओल्या वाळूच्या पोत्यासारखा होतो, डोळ्यांपुढं धुरकट होतं. अंग थंड झालं की बरंचसं जागेवर येतं. म्हणून एप्रिल-मे मी एसीच्या आसऱ्यानं काढते. रबाळ्याला, पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कंपनीत मी हिशेब बघते. तिथं एसी आहे. आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट, बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे मी सांगतेच. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

राहते कोपरखैरण्याला, माथाडी कामगारांच्या वसाहतीत. घर अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील. मिसरूड फुटायच्या आत साताऱ्याकडच्या गावातून आले आणि फळमार्केटात पेट्या वाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता मान आणि गुडघे दोन्ही कुरकुरतात, म्हणून ते आणि आई गावाकडं असतात. घरात मी, टीव्ही आणि फ्रिज. त्यातला फ्रिज महत्त्वाचा. त्याच्याबद्दल पुढं.

मला नेहमी आठवतो तो मोसम काही वर्षांपूर्वीचा. तेव्हा हे दोघं इथंच होते आणि आजाराला अजून नाव मिळालेलं नव्हतं.

अण्णा दर वर्षी एक पेटी घरी आणायचे. कॉटखाली गवतात आंबे ठेवले की घराला तो वास यायचा, गोड आणि जरासा धुळकट. पिकलेले निवडायचं काम लहानपणापासून माझं. मार्केटवाल्याची मुलगी, आंबा हातात घेतला की मला कळायचंच. त्या वर्षी असाच एक उचलला, बघितला आणि परत ठेवला.

"अजून कच्चे आहेत."

आई चुलीपाशी नसली तरी चुलीपाशी असल्यासारखी ओरडते. गॅसपुढून ओरडली, "डोळे फुटले का गं तुझे? पिवळेधमक झालेत!"

मला वाटलं, चेष्टा करतेय. मग डाव्या डोळ्यात गवताचं कुसळ गेलं म्हणून तो चोळायला लागले, आणि हातातला आंबा विझला. दुसरा शब्द सुचत नाही. उजव्या डोळ्यानं तो उन्हात पडून रंग उडालेल्या पोस्टरसारखा दिसत होता, राखट, पांढुरका. डावा उघडला तर केशरी. हा मिटला, तो उघडला. मला हसूच आलं. अण्णांना बोलावून दाखवलं. त्यांनीही आंबा समोर धरून आळीपाळीनं डोळे मिटले.

"मला तर दोन्हीकडनं सारखाच दिसतोय. नंबर लागला आसंल तुला. लई वाचलंस कॉलेजात."

आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. नंबर लागला नव्हता.

त्याच मोसमात एकदा सुट्टीच्या दिवशी अण्णा डबा विसरून गेले, म्हणून मी मार्केटात गेले. भर दुपार. चहूकडून 'हात लाव रे', 'हात लाव' असा पुकारा. त्या ओरडण्यात मी वाढले, पण त्या दिवशी ते लांबून आल्यासारखं वाटलं. गाळ्यापाशी पोचेपर्यंत उजवा पाय माझा राहिलाच नाही. मी पेट्यांच्या थप्पीला धरून खाली बसले. अण्णांनी मला पाठुंगळी घेतलं. एवढी मोठी मी, नोकरी करणारी, पर्स गळ्यात लटकलेली. अण्णांच्या टोळीतले हमाल बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सावलीच्या शोधात अण्णा शेजारच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिरले. सफरचंदं ठेवायची खोली ती. दाराच्या आत मे महिन्यात स्वेटर आणि कानटोपी घातलेला रखवालदार बसलेला. अण्णांच्या ओळखीचा.

"काय अण्णा, पोरीला पण स्टॉकमध्ये टाकताय काय? भाव चढल्यावर काढणार?"

"बस की गप. ऊन लागलंय तिला."

मी एका उलट्या क्रेटवर बसले. पुठ्ठ्याचा, ओल्या लाकडाचा, थंड सफरचंदांचा वास. हळूहळू अंगठ्यापासून पाय परत यायला लागला, कुणी विसरलेली वस्तू आणून द्यावी तसा. अर्ध्या तासात मी उठून चालले. अण्णांना वाटलं, ऊन होतं, उतरलं. मला मात्र त्या गारठ्यात एक वेगळीच भीती वाटली. ऊन लागलेलं माणूस असं बटण दाबल्यासारखं बरं होत नाही, एवढं मला कळत होतं.

मग डोळ्यांचे डॉक्टर, तिथून मेंदूचे डॉक्टर, तिथून ते यंत्र, ज्याच्या बोगद्यात झोपवून कानाशी ठाकठूक चालते. नाव मिळालं. औषधही मिळालं. आठवड्याला एक सुई, मांडीत, स्वतःच टोचून घ्यायची. आजार बरा होत नाही, पण नव्या जागा सोलल्या जाणं कमी होतं. न चुकता घ्यायची, वर्षानुवर्षं. मी विचारलं, "कितीला पडेल?" डॉक्टर म्हणाले, "मेडिकलवाला सांगेल." मेडिकलवाल्यानं काचेमागून मोठ्यानं सांगितलं. महिन्याच्या चार सुयांचे तीस हजार. माझा तेव्हाचा पगार त्याहून कमी होता. कंपनीचा विमा होता, पण तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, ॲडमिट झालात तर मिळतं, घरी बसून टोचून घेतलं तर नाही. म्हणजे मी पडले तर पैसे आहेत, उभी राहण्यासाठी नाहीत.

आता रुमालाची गोष्ट.

मार्केटात पूर्वी भाव मोठ्यानं बोलत नसत. देणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं धरायचे. जितकी बोटं धरली तो आकडा. बाजूला उभ्या दहा जणांना पत्ता लागत नसे. आणि शून्यं कुणीच सांगत नसे. ती दोघांनाही ठाऊक असायची, कारण माल समोर असायचा. देवगडच्या पहिल्या पेटीला तीन बोटं म्हणजे किती आणि जूनमधल्या उतरत्या मालाला तीन म्हणजे किती, हे सांगायची गरजच नसे. अण्णा हमाल. त्यांनी कधी सौदा केला नाही, पण बघून बघून त्यांना सगळं येत होतं. लहानपणी तो आमच्या दोघांचा खेळ होता. किती लाडू पाहिजेत, ते मी त्यांच्या टॉवेलखाली सांगायची. दहावीचे मार्कसुद्धा मी तसेच सांगितले. आधी आठ बोटं, मग एक. त्यांनी टॉवेल फेकून दिला आणि सगळ्या चाळीला ओरडून आकडा सांगितला.

सुईचा भाव कळला त्या संध्याकाळी घरात गावाकडची माणसं बसली होती, मला बघायला आलेली. आई चहा करत होती. कुणीतरी म्हणत होतं, बाहेरचं काही असेल, एकदा दाखवून तरी आणा. अण्णा माझ्या शेजारी सरकले. खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या दोघांच्या मांडीवर टाकला, सहज टाकावा तसा, आणि खालून हात पुढं केला. मी त्यांची तीन बोटं धरली.

"तीन?" ते कुजबुजले.

"तीन."

"म्हयन्याला?"

"महिन्याला."

त्यांनी मान हलवली. खांदे सैल झाले. "जमतंय की मग!" हे ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांसमोर, आणि चहाचा कप उचलला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी तीन हजार धरलेत. त्यांच्या जन्मात कुठल्याही औषधाला याहून जास्त पडले नव्हते. याच्याहून मोठं शून्य त्यांना सुचणारच कुठून?

पाहुणे गेल्यावर सांगू म्हटलं. पाहुणे गेले, तर अण्णा आईला सांगत होते, "पोरीच्या सुया मी भरनार. तिच्या पगाराला हात लावायचा न्हाई." ते ऐकत मी भांडी विसळत राहिले. पुढच्या पगाराला त्यांनी माझ्या हातात तीन हजार ठेवले. "सुईचे." त्यानंतर एक महिना चुकला नाही. गावाला गेल्यावरही नाही. माणूस फाटका बनियन घालून फिरतो, पण सुईचे येतात.

बाकीचे मी भरले. पीएफ काढला, सोनं गहाण ठेवलं, ते सुटलं नाही. पुढं पगार वाढला, पण घर चालवून, कर्जाचा हप्ता भरून उरतं किती? आणि मग मी एकाआड एक घ्यायला लागले. एक आठवडा सुई, एक आठवडा नुसता शनिवार.

हा शनिवार काय असतो, तेही सांगते. सुई शुक्रवारी संध्याकाळी घ्यायची, कारण रात्रीतून ताप भरतो, हाडं ठणकतात आणि सोमवारपर्यंत ऑफिसला जाण्याइतकं बरं व्हायचं असतं. लोकांचा विकेंड असतो, माझं अंथरूण. फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात सुयांचं खोकं. लाइट गेली की मी स्वतःचा पंखा विसरते आणि फ्रिजचं दार कुणी उघडणार नाही ना, बघते. कुणी उघडणारं नसतंच. तापात मी बाहेरच्या दाराची कडी काढून ठेवते. पडले तर कुणाला तरी आत येता यावं म्हणून. शनिवारी सकाळी घणसोली गावातली एक काकी सुकी मासळी विकत फिरते, तिनं एकदा दार ढकललं.

"सुकट हाय गो. घेतंस का?" मग मला बघून, "आगं बाय, तुजा तोंड कसा झालाय! घरान कोन नाय?"

"आहेत ना. बाहेर गेलेत."

तिनं पाणी आणून दिलं, सुकटीची पुडी ठेवली आणि पैसे न घेता गेली. तेव्हापासून ती सुट्टं नसल्याचं निमित्त करून शनिवारी डोकावते. मी दर वेळी सांगते, आहेत, बाहेर गेलेत. तिचा विश्वास बसत नाही आणि तसं ती म्हणतही नाही.

ऑफिसात मी काठी का वापरते तर 'अपघात झाला होता.' खरं सांगितलं तर कामं काढून घेतील. मैत्रिणींना खरं सांगितलं होतं. आधी सगळ्या फोन करायच्या. मग कुणाला कुठला काढा, कुणाला कुठला महाराज सुचला. मी फटकळ आहे, तोंडावर नाही म्हटलं, आणि फोन कमी झाले. तक्रार नाही. पण एकटेपणाचं खरं कारण आजार नव्हे, असं मला आता वाटतं. आपल्याजवळ एक आकडा असतो आणि तो आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नसतो. सकाळ-संध्याकाळ फोनवर अण्णा विचारायचे, "सुया चालू हायत न्हवं?" मी म्हणायची, "चालू आहेत."

यंदाच्या मोसमात एक नवीन झालं. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली आणि एसीत बसूनही ती परत आली नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. अण्णांचा एक जुना टॉवेल घरी आहे. सकाळी उठले की तो मांडीवर टाकते आणि न बघता डाव्या हातानं उजव्याचं एकेक बोट धरून बघते. अंगठा कळतो. पुढची दोन कळतात. मग काही नाही. दोन्ही हात माझेच, तरी तो आकडा मला वाढवता येत नाही.

अण्णा दर मोसमात चार दिवस येतात. म्हणतात, आईनं पीठ दिलंय ते द्यायला. खरं म्हणजे टोळीतली माणसं भेटायला आणि तो पुकारा ऐकायला येतात. याही वर्षी आले. शुक्रवार होता, दुपारी मी अर्धी सुट्टी टाकून घरी पडलेले, पाय गेलेला. सुयांचं नवं खोकं आणायचं होतं. वाशीच्या मेडिकलमधून, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून. म्हटलं, ऊन उतरलं की जाईन.

अण्णांनी डबा उचलला. "तू पड. मी आनतो."

"तुम्हाला दुकान सापडायचं नाही."

"आख्खी वाशी माझ्या डोळ्यांपुढं उभी ऱ्हायली, आन् दुकान सापडायचं न्हाई?" त्यांनी टोपी घातली, बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढून बघितल्या, परत ठेवल्या. "पुरे तीन हायत. वर सुट्टं लागंल का?"

मला ती काच दिसली. काचेमागचा माणूस आकडा मोठ्यानं सांगतो, बिल फाडतो आणि 'पुढं कोण?' म्हणतो. पुढं अण्णा. टोपी घातलेले, हातात बर्फाचा डबा, खिशात पुरे तीन. मागं रांग.

ते दारात पोचले होते.

"अण्णा."

"काय गं?"

"तीन हजारांत येत नाही ते."

ते वळले. "भाव वाढला व्हय?"

मार्केटचा माणूस, दुसरं काय विचारणार? हो म्हटलं असतं तर सुटले असते. भाव वाढतातच. त्यात कुणाचा अपमान नसतो.

"वाढला नाही. पहिल्यापासून तीस आहे. त्या दिवशी तुम्ही एक शून्य कमी धरलंत."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. डब्यातला बर्फ वाजला.

"तवा बोलली का न्हाईस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, जमतंय की."

"आन् मी गावात सांगत फिरतोय." ते कॉटच्या कडेला बसले, डबा मांडीवर घेऊन. "बाकीचं कुठनं आनतीस?"

"आधी आणले कुठून कुठून. आता नाही आणत. एकाआड एक घेते."

"डाक्टरला ठावं हाय?"

"नाही."

"का?"

 डॉक्टरांसमोर 'परवडत नाही' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. फर्स्ट क्लास आलेल्या तोंडातून. हप्ते, कर्ज, व्याज सगळं मला मांडता येतं. एवढे दोन शब्द येत नाहीत. अण्णा चिडले. मला वाटलं होतं, रडतील. रडले असते तर मी सावरलं असतं. ते चिडले.

"मार्केटात लहानाची मोठी झालीस न्हवं? येकट्यानं आपल्याच डोक्यावर पेट्या चढवलेला मानूस बघितलास कवा? कितीबी ताकदीचा गडी आसूदे, वरडतोच की, हात लाव रं! त्याला कुनी भिकारी म्हनतं?"

 बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

"सोमवारी डाक्टरकडं जायाचं," ते म्हणाले. "मी येनार. तू न्हाई बोललीस तर मी बोलनार, तीस परवडत न्हाई, दुसरं काय हाय ते सांगा."

सोमवारी डॉक्टर काय म्हणतील, हे लिहिताना मला ठाऊक नाही. स्वस्तातलं औषध असेल किंवा नसेल. असलं तर मला चालेल की नाही, तेही तेच सांगतील. अण्णांजवळ सत्तावीस हजार नाहीत, कधी नसणार. सांगून आकडा लहान झाला नाही. पण त्या संध्याकाळी घरात तो आकडा दोघांना ठाऊक होता.

ऊन उतरल्यावर त्यांनी येताना मार्केटातून आणलेली आंब्याची पेटी उघडली. एक आंबा काढून माझ्यापुढं धरला. मी डावा डोळा मिटला, मग उजवा. एकीकडून थोडा फिका दिसतो अजून.

"पिकलाय?"

"पिकलाय."

माझ्या उशाशी त्यांना आपला जुना टॉवेल दिसला. "ह्यो हितं कशाला?" मी सांगितलं, सकाळी कशी बघते ते. त्यांनी टॉवेलची घडी घातली आणि खांद्यावर टाकला. मग माझा उजवा हात उघडाच आपल्या हातात घेतला. अंगठा धरला.

"कळतंय?"

"हो."

पुढचं. "ह्ये?"

"हो."

मधलं. "ह्ये?"

"कळतंय."

मग चौथं.

"ह्ये?"

इतकी वर्षं या प्रश्नाला मी हो म्हणत आले.

"नाही," मी म्हटलं.

अण्णांनी ते बोट सोडलं नाही. त्यांच्या मुठीत ते आहे, हे मला कळत नव्हतं. दिसत होतं.